डोळ्यांनाही चार दिवस सुटी

आपली मराठी भाषा मोठी हिशेबी आहे. माणसाचे वय आणि त्याच्या नाकावरची वस्तू या दोहोंना तिने एकच नाव देऊन ठेवले आहे : चाळिशी. "मला चाळिशी लागली" असे कोणी म्हणाले, की चष्म्याची बातमी कळते आणि जन्मसालही कळते. खरे पाहता ही बातमी चष्मेवाल्याच्या आधी सुई सांगते. दोरा ओवताना सुई लांब धरावी लागते, औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचायला हाताची लांबी अपुरी पडते, आणि मग घरातल्या शाळकरी मुलाला हाक जाते, "बाळ, एवढे जरा वाच रे!"

डोळ्यांवर आपल्या भाषेचा जीवही तेवढाच. आपण डोळ्यांत तेल घालून पहारा करतो, डोळे वटारतो, कानाडोळा करतो, डोळेझाक करतो. आणि फार आवडते असे काही पाहिले की आपले डोळे निवतात. हा शेवटचा शब्द मला फार प्रिय आहे. दिवसभर संगणकापुढे बसून आणि रात्री अंथरुणात मोबाइल पाहून "माझे डोळे निवले हो" असे म्हणणारा मनुष्य मात्र अजून मला भेटलेला नाही. डोळे चुरचुरले, डोळे जड झाले, डोके धरले, हीच भाषा सगळीकडे ऐकू येते. तेव्हा यंदाच्या दिवाळीत या सदरात डोळे निवण्याविषयीच चार शब्द बोलावेत असे ठरवले आहे.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगते. माझा पेशा मराठी शिकवण्याचा, म्हणजेच पर्यायाने उत्तरपत्रिका तपासण्याचा. परीक्षेच्या मोसमात शे-दोनशे हस्ताक्षरे डोळ्यांखालून जातात. त्यांतली निम्मी मुंग्यांच्या रांगेसारखी असतात. दोनतीन वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. कपाळ ठणके, आणि मान वर करून खिडकीबाहेर पाहिले तर समोरच्या इमारतीवरची पाटी क्षणभर धूसरच दिसे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही डोळे नीट तपासले, वाचण्याचा चष्मा लिहून दिला आणि म्हणाले, "बाई, डोळे बिघडलेले नाहीत, थकलेले आहेत. तुम्ही त्यांना मधली सुटी देता का?"

"व्यायाम करू का?" मी विचारले.

"जरूर करा. थकवा जाईल. नंबर जाण्याची वाट मात्र पाहू नका."

या तीन वाक्यांत सगळा विषय आला. पण ही तीन वाक्ये आपण वेगवेगळी ठेवत नाही. थकवा आणि नंबर यांची आपल्या मनात गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत कधीकधी फार मोठी द्यावी लागते. ती कशी, ते पुढे सांगणारच आहे. आधी डोळा थकतो म्हणजे काय होते, ते पाहू.

थकतो तो कोण?

डोळ्याच्या आत बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. त्याच्याभोवती गोल कड्यासारखा एक स्नायू असतो, आणि या दोहोंना बारीक तंतूंनी जोडलेले असते. आपण लांब पाहतो तेव्हा हा स्नायू सैल असतो. तंतू ताणलेले राहतात आणि भिंग चपटे राहते. जवळचे पाहायचे म्हटले की स्नायू आवळतो, तंतू ढिले पडतात आणि भिंग फुगीर होते. म्हणजे डोंगर पाहणे हा डोळ्याचा आराम, आणि पुस्तक वाचणे ही त्याची मजुरी! दोन तास सलग वाचणे म्हणजे दोन तास मूठ आवळून बसणे. एकदम मूठ उघडली की बोटे जशी आखडलेली वाटतात, तशीच ती समोरची पाटी मला क्षणभर धूसर दिसत होती.

वयाबरोबर हे भिंग ताठर होत जाते. १० वर्षांच्या मुलाला नाकापासून ७-८ सेंटिमीटरवरचे अक्षरही वाचता येते; चाळिशीच्या सुमारास ते अंतर वीस-बावीस सेंटिमीटरवर जाते आणि पन्नाशीत त्याच्याही जवळजवळ दुप्पट होते. हे केस पांढरे होण्यासारखे आहे. यात कुणाचा अपराध नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही.

दुसरे कारण पापण्यांचे. "पापणी लवते न लवते तोच" असे आपण सहज म्हणतो. पण ही पापणी मिनिटाला १५ ते २० वेळा लवत असते, आणि दर वेळी बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर सारवून जाते. त्या थरात पाण्यावर तेलाचा तवंग असतो. पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथी हे तेल पुरवतात, म्हणून पाणी लवकर उडून जात नाही. डोळ्यांत तेल घालण्याची व्यवस्था निसर्गानेच करून ठेवली आहे. वाक्प्रचार शब्दशः घेऊन बाटलीतले तेल, मध किंवा गुलाबपाणी कुणी घालू नये! मात्र आपण एकटक वाचू लागलो, विशेषतः संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहू लागलो, की पापण्यांची ही लवलव निम्म्यावर येते, कधी त्याहूनही कमी होते. सारवण थांबले की जमिनीला भेगा पडतात. वाळूसारखे खुपते ते त्यामुळे.

घरच्या घरी करण्याचे व्यायाम

यांना पैसा लागत नाही, साधन लागत नाही. चष्मा असेल त्याने पहिला, चौथा आणि पाचवा प्रकार चष्मा काढून करावा. दुसरा आणि तिसरा नेहमीचा चष्मा ठेवून.

पहिला, पापण्यांचा. डोळे अलगद मिटावेत, दोन अंक मोजावेत, हलकेच आवळावेत आणि उघडावेत. असे १० वेळा. संगणकावर काम करणाऱ्याने तासातून दोनदा करावे. वाचणाऱ्याने पान उलटताना एकदा पापण्या पूर्ण मिटण्याची सवय लावावी. अर्धवट मिटलेल्या पापणीने सारवण अर्धेच होते.

दुसरा, लांब पाहण्याचा. याचा पाढा सोपा आहे : दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडचे काहीतरी, २० सेकंद पाहावे. वीस फूट म्हणजे सुमारे ६ मीटर. तेवढ्या लांब पाहताना तो आतला स्नायू जवळजवळ पूर्ण सैल होतो. शहरातल्या घरात ६ मीटरची भिंत कुठून आणायची, असे कुणी विचारील. तर त्यासाठीच खिडकी असते. समोरच्या गच्चीवरची टाकी, नारळाचा शेंडा, तारेवरचा कावळा, काहीही चालेल. मुलांना अभ्यासाला भिंतीकडे तोंड करून बसवण्यापेक्षा खिडकीपाशी बसवावे, ते याच कारणाने.

तिसरा, जवळ आणि लांब. डोळ्यांपुढे एक वीतभर अंतरावर अंगठा धरावा. चाळिशी उलटलेल्यांनी तो स्पष्ट दिसेल इतका लांब न्यावा. अंगठ्याच्या नखाकडे पाच अंक मोजेपर्यंत पाहावे, मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाच अंक, मग पुन्हा नख. असे १० वेळा. आवळून बसलेल्या स्नायूला यामुळे हालचाल मिळते. परंतु भिंगच ताठर झालेले असेल, तर या व्यायामाने ते पुन्हा विशीतले होत नाही.

चौथा, तळव्यांचा. दोन्ही तळहात एकमेकांवर घासून ऊबदार करावेत आणि ओंजळीसारखा बाक देऊन मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावेत. बुबुळांवर दाब पडता कामा नये. कोपर टेबलावर टेकवावेत, श्वास संथ ठेवावा आणि दोन मिनिटे त्या अंधारात बसावे. यात जादू काही नाही. प्रकाश नाही, जवळचे काम नाही आणि कुणी हाक मारीत नाही, एवढ्यानेच बरे वाटते. आमच्याकडे या दोन मिनिटांत कुकरची शिट्टी होऊ नये असा नियम आहे. तो अर्थात कुकर पाळत नाही.

पाचवा व्यायाम नव्हे, शेक आहे. स्वच्छ मऊ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावे आणि मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवले की पुन्हा गरम करावे. पापण्यांच्या कडेचे घट्ट झालेले तेल याने पातळ होते. डोळे सारखे कोरडे पडणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

याच्या जोडीला बसण्याची रीत हवी. संगणकाचा पडदा हातभर लांब आणि नजरेपेक्षा किंचित खाली ठेवावा. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून असावा. मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, पण थकतात खास. निळा प्रकाश अडवणारे म्हणून जे महाग चष्मे विकले जातात, त्यांनी थकवा कमी होतो असे २०२३ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा काही दिसून आले नाही. ते पैसे चांगल्या टेबलदिव्यावर खर्च करावेत.

आणि जे व्यायामाने होत नाही ते

आता त्या गल्लतीकडे वळू. न्यूयॉर्कमध्ये विल्यम बेट्स नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. १९२० साली त्यांनी चष्म्यावाचून परिपूर्ण दृष्टी मिळवण्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की जवळचे पाहण्याच्या कामात आतल्या भिंगाचा संबंधच नाही. बाहेरचे स्नायू बुबुळाचा आकार बदलतात, आणि मनाचा ताण घालवला की चष्मा सुटतो. वरची तळव्यांची रीत लोकप्रिय झाली ती त्यांच्यामुळेच. पुढे ऑल्डस हक्सले यांच्यासारख्या नामवंत लेखकाने १९४२ साली या पद्धतीच्या बाजूने एक पुस्तकच लिहिले. मग काय विचारता! आजही मोबाइलवर "तीस दिवसांत चष्मा घालवा" म्हणून जे सांगतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ गोत्र हेच.

पण बेट्स यांचा पायाच चुकीचा होता, आणि याचा पुरावा आपल्या घरात बसलेला असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आजींचे गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. ते साधे असले, तर आजींना रस्त्यापलीकडची पाटी लख्ख दिसते, पण पोथी वाचायला चष्मा लागतोच. बाहेरचे स्नायू होते तिथेच आहेत. बदलले ते भिंग, आणि नवे भिंग फुगत नाही.

लांबचे न दिसणाऱ्या मुलाचा नंबर येतो तो बहुधा डोळ्याची लांबी वाढल्याने. डोळा एक मिलिमीटर जास्त लांब झाला, तर साधारण अडीच ते तीन नंबर येतो. पायांचे व्यायाम करून जशी माणसाची उंची कमी होत नाही, तसाच वाढलेला डोळा डोळे फिरवून आखूड होत नाही. चीनमधल्या शाळांतून १९६३ पासून मुलांना डोळ्यांभोवती ठरावीक बिंदू दाबण्याचे व्यायाम रोज करवले जात आले आहेत. तरी २०१८ मध्ये तिथल्या सरकारी पाहणीत ५३.६ टक्के मुलांना लांबचे नीट दिसत नसल्याचे आढळले.

बेट्स यांचा एक सल्ला तर घातक आहे : सूर्याकडे पाहण्याचा. सूर्याकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या आतला पडदा कायमचा भाजू शकतो. उगवतीचा असो वा ग्रहणातला, तो प्रयोग करू नये. आपल्याकडच्या त्राटकाची गोष्ट निराळी. हठयोगप्रदीपिकेत ते षट्कर्मांत सांगितले आहे. एकाग्रतेसाठी ज्याला शिकायचे त्याने जाणत्याकडून शिकावे. पण ज्याचे डोळे आधीच कोरडे, त्याने पापणी न लववता बसणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

न्यायाने बोलायचे तर एका तक्रारीवर व्यायामच औषध ठरतो. वाचताना दोन्ही डोळे आत वळावे लागतात. काही मुलांना ते जमत नाही. अक्षरे दुहेरी दिसतात, ओळ सुटते, डोके दुखते. अमेरिकेत २००८ साली २२१ मुलांवर १२ आठवडे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलांना गुण आला. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्क्यांना. तेव्हा व्यायाम कोणता, कुणासाठी आणि कुणाच्या नजरेखाली, हे महत्त्वाचे.

एका मुलीची गोष्ट

किंमत मोठी द्यावी लागते असे मघाशी म्हटले, ते माझ्या नात्यातल्या एका मुलीमुळे. पोर हुशार, बोलकी. पण पहिलीपासून वहीत डोके खुपसून लिहायची. शाळेतल्या तपासणीत एक डोळा कमजोर असल्याची चिठ्ठी आली. मी वहिनीला म्हटले, "लगेच दाखवून आण ग."

"ताई, सात वर्षांच्या पोरीला चष्मा? एकदा लागला की वाढतच जातो म्हणतात. आम्ही व्यायाम सुरू केलेत. तिचे बाबा रोज सकाळी स्वतः करून घेतात."

आणि खरोखरच घेत होते. गाजराचा रस, तळव्यांचा शेक, डोळे गोल फिरवणे. एक दिवस खंड नाही. प्रेमात काही कमी नव्हते. दीड वर्ष गेले. एका लग्नघरात मुलांच्या खेळात तिच्या चांगल्या डोळ्यावर रुमाल बांधला गेला, आणि ती समोर उभ्या असलेल्या आईला ओळखेना. लग्नघर क्षणभर हसले. वहिनी मात्र हसली नाही.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. एका डोळ्याचा नंबर मोठा असला की मेंदू त्या डोळ्याकडचे धूसर चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावरच भागवतो. याला आळशी डोळा म्हणतात. पाहणे हे मेंदूला लहानपणीच शिकावे लागते. सात-आठ वर्षांपर्यंत ते चांगले शिकता येते, पुढे हळूहळू कठीण होत जाते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा त्याचा उपाय. तो मग झाला. मुलीने रडत-कुढत, पण नेटाने केला. तक्त्यावरच्या तीन ओळी तिला जास्त दिसू लागल्या. शेवटच्या दोन मात्र राहिल्या त्या राहिल्याच. आज ती आनंदात आहे, शाळेत पहिल्या पाचांत आहे. तिचे बाबा मात्र अजून एकच वाक्य बोलतात, "ते दीड वर्ष परत मिळाले असते तर!"

म्हणून सांगते : चष्म्याने नंबर वाढत नाही. मूल वाढते, डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा लावला नाही तरी तो वाढायचाच. शाळेत घालण्याआधी प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत. घरी एक सोपी पारख करता येते. मुलाला भिंतीवरच्या कालनिर्णयापासून चांगले लांब उभे करावे, एकेक डोळा आळीपाळीने झाकावा आणि मोठे अंक वाचायला सांगावेत. एका डोळ्याने वाचले आणि दुसऱ्याने अडखळले, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मोठ्या माणसांच्या बाबतीत असाच दगा काचबिंदू देतो. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेची नजर चोरपावलांनी घेऊन जातो, आणि गेलेली नजर कोणत्याही व्यायामाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. वेळेवर कळले तर उरलेली राखता येते. चाळिशी लागली की नुसता चष्मा बदलू नये. डोळ्यांचा दाब आणि आतला पडदाही तपासून घ्यावा. मधुमेह असणाऱ्याने तर दरवर्षी. एकाएकी अंधुक दिसणे, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होणे, काळे ठिपके आणि विजेसारखे लखलखणे, डोळा लाल होऊन ठणकणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, यांपैकी काहीही झाले तर तळवे चोळीत बसू नये.

मुलांसाठी खरा व्यायाम

मुलांचा नंबर लागूच नये म्हणून काही करता येते काय? येते, आणि ते फार जुने आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर नेले. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचे न दिसण्याचा विकार झाला होता. उघड्यावर नेलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. बाहेरचा उजेड, अगदी सावलीतलासुद्धा, वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, आणि डोळ्याची लांबी आटोक्यात ठेवायला तो मदत करतो असे दिसते. आपल्या आया "दिवेलागणीपर्यंत घरात येऊ नका" म्हणून मुलांना अंगणात पिटाळीत, त्यात नेत्रवैद्यकही होते म्हणायचे! आता अंगण राहिले नाही; पण गच्ची आहे, मैदान आहे, सोसायटीची मोकळी जागा आहे. दिवाळीच्या सुटीत किल्ला करायला मुले मातीत बसली, की त्यांना ओरडू नये. तो किल्ला मोबाइलपेक्षा डोळ्यांच्या फार हिताचा आहे.

दिवाळीचा विषय निघालाच आहे म्हणून एवढेच : फटाके उडवताना मूल एकटे सोडू नये, आणि न उडालेल्या फटाक्यावर कुणालाही वाकू देऊ नये. डोळ्याला इजा झालीच तर चोळू नये, रुतलेले काही ओढून काढू नये. वर कागदी पेल्यासारखे काही अलगद झाकून तडक दवाखाना गाठावा. दारू किंवा राख उडून गेली असेल तर मात्र आधी स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवावा.

हे सदर वाचायला तुम्हाला दहा-पंधरा मिनिटे लागली असतील. म्हणजे तुमच्या डोळ्यांची मधली सुटी होत आली. अंक क्षणभर मिटा. खिडकीशी या. समोरच्या गॅलरीत आकाशकंदील लागला असेल, तो २० फुटांच्या पलीकडे खास असेल. वीस अंक मोजेपर्यंत त्याच्याकडे पाहा, पापण्या चांगल्या मिटा, उघडा, आणि मग हवे तर पुढची कथा वाचायला घ्या. घरात लहान मूल असेल तर त्यालाही खिडकीशी बोलवा आणि एक डोळा झाकून विचारा, "कंदिलाला शेपट्या किती रे?" मग दुसरा झाकून तेच विचारा. दोन्ही वेळा उत्तर सारखे आले, तर त्याच्या हातावर एक करंजी ठेवा.